भाड्याचा नारळ

"नारळ मीच धरणार," प्रणाली म्हणाली. "आमच्या माडाचा आहे तो."

"तुला झेपायचा नाही," रोशन म्हणाला. "पडशील."

"तूच पड."

दसऱ्याची सकाळ होती. पाटीपूजन नुकतंच आटोपलं होतं. एकाच्या आकड्यांनी काढलेल्या सरस्वत्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या. कुणाच्या सरस्वतीला मान नव्हती, तर कुणाच्या सरस्वतीचे पाय पाटीच्या लाकडी चौकटीवर उतरले होते. पूजेची झेंडू-अक्षता तशीच टाकून बालवाडीची सगळी पोरं एका असोल्या नारळाभोवती भांडत होती. असोला म्हणजे वरचं सोडण न काढलेला, झाडावरून उतरवला तसाच्या तसा. चार वर्षांच्या मुलाच्या कवेत तो जेमतेम मावतो.

"बाई, सांगा ना हिला," रोशन माझ्याकडे वळला.

हे 'बाई' म्हणजे मी. वामन घरत, तेव्हा पन्नाशीला टेकलेला, ओठांवर चांगली भरघोस मिशी. पण बालवाडीत शिकवतात त्या बाई, हे मुलांना घरूनच पक्कं ठाऊक असायचं. पहिली काही वर्षं मी 'गुरुजी म्हणा' असं सांगून पाहिलं. मुलं माना डोलवत आणि म्हणत, "हो बाई." मग मी नाद सोडला. गावातली मोठी माणसं मला घरत मास्तर म्हणत. तेवढ्यावर समाधान मानलं.

"प्रणालीच धरेल," मी म्हणालो. "पण हात दुखले तर मला सांगायचं. वाटेत कुठेही खाली ठेवायचा नाही."

"का नाही ठेवायचा?"

"तो आपला नाही म्हणून."

प्रणालीनं नारळाकडे आणि मग माझ्याकडे संशयानं पाहिलं. "आमच्या माडाचा आहे. बाबांनी काल काढला."

"माड तुमचा. नारळ आता राऊतांचा. आपण तो त्यांना द्यायला निघालोय."

आमचं गाव अलिबागच्या खाली, समुद्राला लागून. घरापेक्षा घरामागच्या वाडीवरून माणूस ओळखायचा, असा तो मुलूख. आमची बालवाडी मोरूभाऊ राऊतांच्या वाडीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात होती. भिंती, कौलं, खिडक्या गावकऱ्यांनी उभ्या केलेल्या, म्हणून शाळा आमची. आणि तिच्या खालची जमीन मोरूभाऊंची. त्यांनी ती वीस वर्षांच्या पट्ट्यानं दिली होती.

पट्टा लिहिला तो दिवस मला आठवतो. भाऊ झोपाळ्यावर, मी आणि मोकल वकील समोरच्या बाकावर.

"वापरा की फुकट," भाऊ म्हणाले होते. "मी काय बोलणार आहे?"

"तुम्ही नाही बोलणार. तुमच्या मागचे बोलतील," मोकल म्हणाले. "फुकट दिलं की ती मेहरबानी होते, भाऊ. मेहरबानी केव्हाही काढून घेता येते. भाडं लावा, कितीही लहान लावा, म्हणजे मास्तरांच्या हातात हक्क राहील."

भाऊंनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला. "मग नारळ लिहा. वर्षाला एक. दसऱ्याला आणून द्यायचा. असोला."

"तुमच्या वाडीत चालताना डोकं सांभाळावं लागतं, इतके नारळ पडतात. आणखी एक कशाला?"

"ते माझं मी बघीन. पण माझ्या माडाचा नको. पोरांच्या घरचा पाहिजे, आणि दर वर्षी वेगळ्या घरचा."

मोकल हसले आणि तसंच लिहिलं. पुढे दर दसऱ्याला पोरं नारळ घेऊन जात, भाऊ तो दोन्ही हातांनी घेत, कानाशी धरून हलवून बघत आणि आत नेऊन ठेवत. आत त्याचं काय होई, हे मी कधी विचारलं नाही. दिलेल्या भाड्याचं मालक काय करतो, हे भाडेकरूनं विचारू नये.

भाऊ गेले त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. वाडी पुतण्याकडे आली. श्रीरंग, ठाण्याला एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. आणि नेमका त्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी पट्टा संपत होता.

श्रीरंगनं पावसाळ्यातच येऊन मला सांगितलं होतं. आडपडदा नव्हता त्याच्या बोलण्यात. "मास्तर, वाडी आता पोसत नाही. माडावर चढायला माणूस मिळत नाही, मिळाला तर नारळाला कोळीकीड लागलेली. रस्त्याकडची ही जागाच कामाची आहे. पर्यटकांसाठी खोल्या बांधीन म्हणतो. पट्टा पुढे वाढवणार नाही."

त्याचं खोटं नव्हतं. जमीन त्याची होती, मुदत पाळून तो परत मागत होता. कौलं आणि वासे आम्ही काढून न्यावेत, असंही पट्ट्यात लिहिलेलं होतं. फक्त ते न्यायचे कुठे, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. गावात दुसरी जागा मी शोधली. समाजमंदिरात लग्नं लागत, देवळाच्या सभामंडपात भजनी मंडळाची पेटी होती, आणि पुढच्या गावची बालवाडी खाडीपलीकडे. चार वर्षांची पोरं खाडी ओलांडून कोण पाठवणार? इथून शाळा उठली असती, तर ती कायमचीच उठली असती.

मुलांना यातलं काय सांगावं, हा माझ्यापुढचा प्रश्न. मुलांपासून लपवायचं नाही, हा माझा जुना हट्ट. त्यांना समजेल असं सांगणं हे आपलं काम. म्हणून दसऱ्याच्या आधी एकदा मी प्रणालीची चटई मधोमध अंथरली आणि तिच्यावर रोशनला बसवलं.

"चटई कोणाची?"

"माझी!" प्रणाली.

"बसलंय कोण?"

"मी," रोशन ऐसपैस मांडी घालून म्हणाला.

"आता रोशन म्हणतो, दुपारपर्यंत बसू दे. प्रणाली, तू बसू देशील?"

तिनं विचार केला. "चिंच दिली तर."

रोशननं खिशातून अर्धी चिंच काढून दिली. ती तिनं लगेच तोंडात टाकली.

"बरं. आता दुपार झाली, बोली संपली. प्रणाली म्हणू शकते ना, की ऊठ?"

"ऊठ रे," प्रणाली म्हणाली. ती अशा गोष्टींत वेळ घालवत नसे.

रोशन चलबिचल झाला. मग त्यानं दुसऱ्या खिशातली उरलेली चिंच काढली आणि तिच्यासमोर धरली. प्रणालीनं ती घेतली, चोखली, आणि बी थुंकून पुन्हा म्हणाली, "ऊठ."

"आता कशाला उठू?" रोशन ओरडला. "आत्ताची चिंच खाल्लीस ना? खाल्लीस तर मग ऊठ म्हणायचं नाही!"

सगळा वर्ग त्याच्या बाजूचा झाला. "चिंच खाल्ली तर ऊठ म्हणायचं नाही!" असा ओरडा झाला, आणि दोन-तीन दिवस तो खेळातही चालू राहिला.

मी ही गंमत मोकल वकिलांना सांगितली, तर ते चष्मा काढून बघतच राहिले. "अहो मास्तर, कायदा दुसरं काय सांगतो? मुदत संपली आणि तरी मालकानं पुढचं भाडं घेतलं, तर त्यानं तुम्हाला राहू दिलं असा अर्थ होतो. मग तुम्ही घुसखोर नाही, भाडेकरूच. लगेच हात धरून उठवता येत नाही. रीतसर नोटीस, मग कोर्ट. कायमची जागा मिळते असं नाही, पण पायाखाली जमीन राहते. वेळ मिळतो."

"म्हणजे श्रीरंगनं नारळ घेतला पाहिजे."

"आणि त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं असणार, की काही झालं तरी नारळ घेऊ नकोस. एकूण काय, दसऱ्याला तुम्ही त्याला नारळ देणार, नाहीतर तो तुमच्या हातात नारळ देणार." स्वतःच्या कोटीवर ते खूश झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं करा. तुम्ही मागे राहा. पोरांना पुढे करा. आधी आपट्याची पानं, मग लगेच नारळ. सणाचा दिवस, बारकी पोरं, हात पुढे होतोच माणसाचा. घेतला की झालं. तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं."

मी बरं म्हणालो. शाळा वाचत होती. मी बरं म्हणालो.

तर त्या सकाळी आम्ही निघालो. वाडीतून पायवाट होती. दोन्ही बाजूंना पाटाचं पाणी झुळझुळत होतं. प्रणाली पुढे, नारळ पोटाशी धरून, हनुवटी नारळावर टेकवून. रोशन तिच्या शेजारून तिच्याच पावलानं चालत होता, नारळ पडलाच तर झेलायला.

सणाला आलेला श्रीरंग घराच्या ओट्यावरच बसला होता. पांढरा सदरा, नुकती अंघोळ झालेली. पोरांना पाहून त्याचा चेहरा उजळला. तो खरंच माणूस वाईट नव्हता.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" पोरं ओरडली. आपट्याच्या पानांनी त्याची ओंजळ भरली. पानं त्यानं शेजारी ठेवली, दोघा-तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि तेवढ्यात प्रणाली पायरीच्या कडेला येऊन उभी राहिली आणि तिनं नारळ वर धरला.

"घ्या."

"अरे वा! एवढा मोठा?" श्रीरंग पुढे वाकला. त्याचे दोन्ही हात नारळाखाली गेले. अगदी भाऊंसारखे, दोन्ही.

प्रणाली माझ्याकडे वळून बघत होती. दिलेलं काम नीट पार पडतंय ना, हे बघताना मूल जसं बघतं, तसं.

"श्रीरंगराव," मी म्हणालो, "ते सोनं नव्हे. ते भाडं आहे. पुढच्या वर्षाचं."

त्याचे हात थांबले. मग हळूच मागे आले.

"मास्तर, तुम्ही बोलला नसता तर मी घेतला असता."

"म्हणून तर बोललो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग मला नाही घेता येणार. वकिलांनी बजावलंय, नारळ घ्यायचा नाही म्हणून."

"बरोबर आहे त्यांचं."

"धरा ना," प्रणाली मधेच म्हणाली. "जड आहे."

श्रीरंग अवघडला. आत जाऊन तो चॉकलेटं घेऊन आला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत गेला. प्रणालीपाशी येऊन थांबला. तिचे दोन्ही हात नारळात गुंतलेले होते. तिनं तोंड उघडलं. त्यानं कागद सोडवला, चॉकलेट तिच्या तोंडात ठेवलं, आणि तोंड फिरवून घरात गेला.

आम्ही परत निघालो. मग प्रणालीनं विचारलं, "आता हा नारळ कोणाचा?"

"त्यांचाच."

"त्यांनी तर नाही घेतला."

"तरी त्यांचाच. आपण त्यांना देऊन झालाय."

"मग आपण फोडायचा नाही?"

"नाही."

"खोबऱ्याची वडी पण नाही?" रोशन.

"वडी पण नाही."

शाळेत नारळ ठेवायला धड जागा नव्हती. कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ होता. प्रणालीनं नारळ त्या तिवईखाली ठेवला, आणि आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत सुटली, "हात लावू नका. राऊतकाकांचा आहे."

दुपारी मोकल आले. शाळेच्या ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि मग सुरू झाले. "काय सांगितलं होतं मी? तोंड उघडू नका. एवढंच सांगितलं होतं. पट्टा संभाळा नाही म्हटलं, कोर्टात साक्ष द्या नाही म्हटलं. तोंड! उघडू! नका!"

"हो."

"हो काय? हात खाली गेले होते म्हणे त्याचे! रोशनची आई सांगत होती बाजारात."

"गेले होते."

"मग?"

"पोरीच्या हातात होता तो, वकीलसाहेब."

मोकलांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भाडं देऊ केलं आणि त्यानं घेतलं नाही, एवढं मांडता येईल. पण मुदतच संपलीय. त्याचा फार उपयोग नाही." जाताना मात्र त्यांनी तिवईखाली वाकून पाहिलं. "हा का ठेवलाय?"

"त्यांचा आहे म्हणून."

"धन्य आहे," असं म्हणून ते गेले.

दिवाळीनंतर नोटीस आली. मोकलांनी उत्तर दिलं. पुन्हा नोटीस आली. शेवटी श्रीरंगनंच निरोप पाठवला, की पोरांचं वर्ष मोडत नाही, उन्हाळ्याची सुट्टी लागली की जागा मोकळी करा. मोकल म्हणाले, अजून लढू. मी नको म्हणालो. कौलं कुठे रचायची, वासे कोणाच्या गोठ्यात ठेवायचे, हे ठरवायला लागलो. मुलांना सांगितलं, की सुट्टीनंतर शाळा इथं नसेल. "मग कुठे असेल?" त्यांनी विचारलं. "बघतोय," मी म्हणालो. मुलं मला रोज सकाळी विचारत, "बाई, बघितली?"

उन्हाळ्यातली गोष्ट. कैऱ्यांचे दिवस. पोरं मधल्या सुट्टीत कैरी ठेचून मिठाला लावून खात होती. बाहेर श्रीरंगची गाडी थांबली. बरोबर एक कंत्राटदार होता, हातात मोजायची फीत आणि चुन्याची पिशवी. दोघं शाळेभोवती फिरून मोजमाप घेऊ लागले. "फाटक इथं, गाडी इथून वळेल," असे शब्द खिडकीतून येत होते. पोरं गजांना नाकं लावून बघत होती.

ऊन चढलं तसा श्रीरंग दारात आला. "मास्तर, पाणी मिळेल?"

"या ना. माठातलं घ्या."

तो चपला काढून आत आला, पेला घेऊन माठाशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

माठ झिरपत असे. तिवईखालची जमीन कायम ओली. त्या ओलीत आमचा नारळ दसऱ्यापासून पडून होता, आणि आता त्याच्या डोक्यातून हिरवागार कोंब वर आला होता. दोन पानं, अजून न फाटलेली, तिवईच्या पायाला टेकून उभी. आम्ही रोज बघत होतो, म्हणून आम्हाला त्याचं नवल उरलं नव्हतं.

"हा कुठला?" श्रीरंगनं विचारलं.

"तुमचा," प्रणाली म्हणाली.

"माझा?"

"तुम्ही घेतला नाही ना, म्हणून ठेवलाय. आम्ही खाल्ला नाही. रोशननी एकदा कुरतडलं, पण ते नुसतं वरचं."

"एकदाच," रोशन म्हणाला.

श्रीरंग उकिडवा बसला. पेला त्यानं बाजूला ठेवला, पाणी प्यायचं राहूनच गेलं. नारळ त्यानं दोन्ही हातांनी उचलला, उलटा करून खालची बाजू पाहिली. सोडणातून पांढरी मुळं बाहेर आली होती. ठाण्याच्या कंपनीतला तो माणूस एकदम दुसराच कुणी दिसायला लागला. बोटांनी मुळं मोजल्यासारखी चाचपत होता.

"हा वाळेल आता इथं," तो म्हणाला. "जमिनीत गेला पाहिजे. केव्हाच जायला हवा होता."

तो नारळ तसाच धरून बाहेर आला. आम्ही सगळे त्याच्या मागे. तो वाडीच्या कुंपणाकडे बघत होता. तिथं माडांची एक रांग होती, पलीकडच्या टोकाला उंच, आणि अलीकडे येता येता ठेंगणी होत गेलेली. शेवटचं रोप माझ्या छातीएवढं. त्याच्यापुढे मोकळी जागा, आणि मग आमच्या शाळेची पायरी. मी ती रांग इतकी वर्षं रोज बघत आलो होतो.

"मे महिन्यात मी इथं यायचो," श्रीरंग म्हणाला. "काका मला या रांगेला पाणी घालायला लावायचा. बाकीच्या वाडीला गडी पाणी घालतील, पण हे आपण घालायचं, म्हणायचा. मी विचारलं, हे वेगळे का? तर म्हणाला, हे माझे भाडेकरू आहेत."

मी रांगेच्या टोकापासून माड मोजायला लागलो.

"दसऱ्याचा नारळ तो वाफ्यात घालायचा, आणि कोंब आला की इथं लावायचा. प्रत्येक घरचा एकेक. हा नाखव्यांच्या घरचा, हा म्हात्र्यांच्या..." त्यानं हात केला आणि खाली घेतला. "पट्टा आमच्या वकिलांनी नीट वाचला होता. मीच हे विसरलो होतो."

मग त्यानं पहार मागितली. कंत्राटदार फीत गुंडाळत आला. "साहेब, तिथं नको. तिथनं गाडी वळणार आहे."

"रांगेतली पुढची जागा तीच आहे," श्रीरंग म्हणाला, आणि पहार घातली.

आता मला राहवेना. "श्रीरंगराव, हा नारळ तुम्ही घेतलात, तर त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना?"

तो खड्ड्यातून वर न बघताच म्हणाला, "मास्तर, तुम्ही दर वेळी असं मधेच का बोलता?"

"सांगायला हवं म्हणून."

"वकील म्हणाले, नारळ घ्यायचा नाही." त्यानं कपाळावरचा घाम सदऱ्याच्या बाहीला पुसला. "रोपाबद्दल ते काही बोलले नाहीत."

खड्डा झाला. तो इकडेतिकडे बघायला लागला. "मीठ पाहिजे. खाली मीठ घालतात, वाळवी लागू नये म्हणून. घरी जाऊन आणायला हवं."

"आमच्याकडे आहे!" पोरं आत पळाली, आणि कैरीसाठी आणलेल्या मिठाच्या पुड्या घेऊन आली. रोशनच्या पुडीत तिखट मिसळलेलं होतं. ती त्यानं मोठ्या खेदानं परत खिशात घातली. बाकीच्यांनी पुड्या खड्ड्यात रिकाम्या केल्या. श्रीरंगनं रोप किंचित कलतं ठेवलं, आणि प्रत्येकानं मूठमूठ माती लोटली. शेवटी प्रणालीनं दोन्ही हातांनी माती थापली आणि मान वर करून विचारलं,

"आता घेतलात ना?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेतला."

"मग आता ऊठ म्हणायचं नाही."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"रोशननी. चिंच खाल्ली की ऊठ म्हणायचं नाही."

श्रीरंगला त्यातलं काही कळलं नसणार. पण तो हसला, खूप वेळ हसला, आणि मातीचे हात तसेच ठेवून कंत्राटदाराला म्हणाला, "खोल्या विहिरीकडच्या बाजूला काढू. जरा लांब पडतं, पण सावली आहे."

पुढच्या दसऱ्याला पोरं ओट्याशी पोचायच्या आधीच तो पायऱ्या उतरून खाली आला होता, दोन्ही हात पुढे करून. मी मागे उभा होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बोला, मास्तर, काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या." मला काही बोलायचं नव्हतं. त्या वर्षी नवा पट्टा झाला. मोकलांनी भाड्याच्या रकान्याशी लेखणी थांबवून विचारलं, "नारळच ना?" श्रीरंग म्हणाला, "असोला." मोकल आता नाहीत, आणि मीही शाळेत जात नाही, कधी गोष्ट सांगायला बोलावलं तर जातो. शाळा प्रणालीची धाकटी बहीण चालवते. तिला मुलं बाई म्हणतात, आणि मला 'बाईआजोबा'.

पायरीजवळचा तो माड आता उंच झाला आहे. त्याला नारळ धरायला लागल्यापासून एक नवीनच भानगड सुरू झाली. गेल्या दसऱ्याला पोरांनी हट्ट धरला, की या वर्षी भाडं शाळेच्या माडाचंच द्यायचं. वाजतगाजत नेलं. श्रीरंगचे केस आता पांढरे झालेत. त्यानं नारळ घेतला, कानाशी धरून हलवला, आणि डोळे बारीक करून विचारलं, "हा तर माझ्या वाडीतला दिसतो. माझ्याच माडाचा नारळ मला भाडं म्हणून देता होय?"

"तुमचा नाय, आमचा माड!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. "आम्ही मीठ घातलंय!"

मीठ घातलं तेव्हा त्यांच्यातलं एकही जन्मलेलं नव्हतं. श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी तोंड उघडलं नाही.